ढगांचा पाऊस, वाऱ्याचा पाऊस

जुनी चिनी कविता अनुवादातून वाचताना मराठी वाचकाची एका जागी हमखास फसगत होते. एका ओळीत ढग आणि पाऊस येतात, दुसरीत वारा आणि पाऊस. आपल्याला दोन्हीकडे तोच पावसाळा दिसतो, आणि पाऊस म्हटला की शृंगार नाहीतर विरह, ही आपल्या कानांची सवयच आहे. चिनी वाचक मात्र आधी पावसाचा जोडीदार पाहतो. 'युन-यू', म्हणजे ढग-पाऊस, हे स्त्रीपुरुषांच्या मीलनाचे नाव. 'फंग-यू', म्हणजे वारा-पाऊस, हे बहुतेक वेळा संकटाचे.

ढग-पावसाला हा अर्थ आला तो एका कथेमुळे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात चू राज्यात सुंग यू नावाचा कवी होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या 'गाओथांग' या दीर्घ रचनेत एक राजा थकून दिवसाच झोपी जातो. स्वप्नात वू पर्वताची देवी येते, त्याच्याशी रत होते आणि निरोप घेताना सांगते, की सकाळी मी ढग असते आणि संध्याकाळी पाऊस. हा पर्वत यांगत्से नदीच्या काठी, आजच्या चोंगछिंगच्या हद्दीत आहे. तिथल्या एका सुळक्याला आजही देवीचे शिखर म्हणतात.

पुढच्या कवींनी ही गोष्ट पुन्हा सांगितली नाही, नुसता उल्लेख केला, आणि अनुवादात अडचण होते ती इथेच. तांग राजवटीच्या काळातला (सातवे ते दहावे शतक) कवी ली बाई हा सम्राटाच्या लाडक्या यांग गुइफेईचे रूप वर्णन करतो आणि म्हणतो, वू पर्वताच्या ढग-पावसापायी उगाच काळीज फाटले. म्हणजे स्वप्नातली देवी हाती लागली नाही, ही तर साक्षात समोर उभी आहे. तांग काळातल्याच युआन झेन या कवीची ओळ त्याहून खोल जाते: ज्याने समुद्र पाहिला त्याला दुसरे पाणी पाणी वाटत नाही, वू पर्वताचे सोडून दुसरे ढग ढग नाहीत. ही ओळ त्याने दिवंगत पत्नीसाठी लिहिली, असे परंपरा मानते. कथा ठाऊक नसेल तर हे निसर्गवर्णन वाटते. ठाऊक असेल तर एका नवऱ्याचे उभे आयुष्य त्यात दिसते. अठराव्या शतकातल्या 'लाल हवेलीचे स्वप्न' या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकात नायकाचा पहिला 'ढग-पाऊस' येतो, तोही ह्याच अर्थाने.

वारा-पावसाचे तसे नाही. त्याच्यामागे देवी नाही की डोंगर नाही. छप्पर उडवणारा, वाट बुडवणारा हा खराखुरा पाऊस आहे. इसवी सन 761 मध्ये छंगदू शहराजवळ दू फू या कवीच्या झोपडीचे गवत शरदाच्या वाऱ्याने उडाले, रात्रभर घर गळत राहिले. त्या कवितेत तो स्वतःसाठी छप्पर मागत नाही. हजारो खोल्यांचे मोठे घर हवे, जगातल्या सगळ्या गरीब विद्वानांना आसरा देणारे, वारा-पावसात पर्वतासारखे न हलणारे, असे तो म्हणतो. एकाच नावेतून वारा-पाऊस सोसणे, म्हणजे संकटात एकमेकांना धरून राहणे, हा वाक्प्रचारही ह्याच घराण्यातला.

या प्रतिमेचा सर्वांत सुंदर वापर मला सू शी या कवीचा वाटतो. 1079 मध्ये कवितांतून राज्यकारभाराची निंदा केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि पुढे शिक्षा म्हणून हुआंगझोऊ या दूरच्या गावी धाडण्यात आले. 1082 च्या वसंतात तो मित्रांबरोबर शाहू नावाच्या जवळच्या ठिकाणाच्या वाटेवर असताना पाऊस आला. पावसाचे सामान घेऊन माणसे पुढे गेली होती. बाकीच्यांची त्रेधा उडाली, पण हा बांबूची काठी आणि गवती पायताणे घेऊन गुणगुणत चालत राहिला. थोड्या वेळाने ऊन पडले. मागे वळून त्याने लिहिले: वारा-पाऊसही नाही, लख्ख ऊनही नाही. ज्याने तुरुंग पाहिला आहे त्याच्या तोंडी 'फंग-यू' म्हणजे केवळ त्या दुपारची सर असणे शक्यच नाही, आणि तरीही ती खरी, कपडे भिजवणारी सर आहे. ढग-पाऊस असा दुहेरी क्वचितच चालतो. त्यात कथा आली की हवामान जवळजवळ पुसले जाते.

सू शीच्याच, म्हणजे सुंग राजवटीच्या काळातल्या पान दालिन या कवीने भिंतीवर एक ओळ लिहिली: गावभर वारा-पाऊस, नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाचा सण जवळ आला. तेवढ्यात वसुलीवाला दारात आला, मूड गेला, कविता तिथेच थांबली. ती एकच ओळ त्याने मित्राला पत्रातून पाठवली. आज 'गावभर वारा-पाऊस' म्हणजे एखाद्या प्रकरणाचा सगळीकडे झालेला बोभाटा.

आता अपवाद, कारण नियम पाठ करून वाचणाराही अडकतो. दू फूच्या दुसऱ्या एका कवितेत तळहात उताणा केला की ढग, पालथा केला की पाऊस. इथे शृंगाराचा मागमूस नाही. गरिबी येताच पाठ फिरवणाऱ्या मित्रांबद्दलचा तो संताप आहे. मंग हाओरानच्या वसंतातल्या पहाटेच्या कवितेत रात्री वारा-पावसाचा आवाज येतो आणि कवी विचारतो, किती फुले गळली असतील. तिथे संकट शोधू नये, तो फुलबागेवर पडलेला पाऊसच आहे.

सर्वांत मोठा वाद 'शिजिंग' या प्राचीन संग्रहातल्या 'वारा-पाऊस' याच नावाच्या गीताचा. अंधारून आले आहे, कोंबडे आरवायचे थांबत नाहीत, आणि तो आला, मग आनंद कसा होणार नाही? जुन्या भाष्यकारांना यात वाईट काळातही न बदलणारा सज्जन दिसला. 1937 साली, जपानशी युद्ध पेटले त्या वर्षी, चित्रकार श्यू बेइहोंगने ह्याच ओळींवर खडकावर उभा राहून आरवणारा कोंबडा रंगवला, तो त्या अर्थाने. पण बाराव्या शतकातल्या झू शी या विद्वानाने गीत सरळ वाचले आणि सांगितले, की ही प्रियकराला भेटलेली स्त्री बोलते आहे. मला झू शीचे वाचन पटते. गीतात राज्याचा, युद्धाचा, नीतीचा एकही शब्द नाही, आणि आनंदाचा प्रश्न मात्र तिन्ही कडव्यांत येतो.