फांग फांग

फांग फांग (११ मे १९५५ – ) : चिनी कादंबरीकार. मूळ नाव वांग फांग. जन्म नानजिंगचा, मात्र त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब वूहानला आले आणि पुढे तेच शहर त्यांच्या बहुतेक लेखनाची भूमी झाले. सांस्कृतिक क्रांतीच्या अखेरच्या काळात त्यांनी चार वर्षे हमाली केली. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर १९७८ मध्ये वूहान विद्यापीठाच्या चिनी साहित्य विभागात त्यांना प्रवेश मिळाला. पदवीनंतर त्यांनी हुबेई या प्रांताच्या (वूहान ही त्याची राजधानी) दूरचित्रवाणीत नोकरी केली.

१९८७ मधील ‘दृश्य’ या लघुकादंबरीने त्यांचे नाव झाले. वूहानच्या हांको भागातील एका झोपडवस्तीत गोदी कामगार, त्याची बायको, सात मुलगे आणि दोन मुली तेरा चौरस मीटरच्या फळकुटांच्या खोलीत राहतात. ही कथा सांगतो तान्हेपणीच दगावलेला आणि खिडकीखाली पुरलेला मुलगा. तो कुणाची कीव करत नाही, कुणाला दोषही देत नाही. चिनी समीक्षकांनी या कृतीला नववास्तववादाच्या, म्हणजे सामान्यांचे रोजचे जगणे न सजवता मांडणाऱ्या प्रवाहाच्या, प्रारंभीच्या कृतींत स्थान दिले. फांग फांग बंडखोर म्हणून व्यवस्थेबाहेर राहिल्या नव्हत्या, हे इथे लक्षात घ्यायला हवे : २००७ ते २०१८ या काळात त्या हुबेई लेखक संघाच्या अध्यक्ष होत्या आणि २०१० मध्ये त्यांना लू शुन साहित्य पुरस्कार मिळाला.

पहिला मोठा वाद पेटला तो ‘रुआनमाई’ (२०१६) या कादंबरीवरून. शवपेटीविना थेट मातीत पुरणे, असा शीर्षकाचा अर्थ. नदीतून वाचवलेल्या एका तरुणीला आपले नावगावही आठवत नाही. म्हातारपणी मुलगा तिला नव्या प्रशस्त घरात नेतो आणि दडपलेल्या आठवणी एकेका पायरीने वर येऊ लागतात. १९५० च्या आसपासच्या जमीन सुधारणा मोहिमेत पूर्व सिचुआनमधील तिच्या जमीनदार घराण्याने जाहीर छळ टाळण्यासाठी सामूहिक आत्महत्या केलेली असते, आणि सगळ्यांवर माती लोटण्याचे काम तिच्याच वाट्याला आलेले असते. आई विसरू पाहते, मुलगा माहीत करून घ्यायला कचरतो. कादंबरीचे खरे बळ या दोघांमधल्या अंतरात आहे. एप्रिल २०१७ मध्ये तिला लू याओ पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास कट्टर माओवाद्यांनी आणि काही निवृत्त अधिकाऱ्यांनी ‘जमीनदारांची तरफदारी’ म्हणून तिच्यावर हल्ला चढवला आणि पुस्तक दुकानांतून नाहीसे झाले.

२३ जानेवारी २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे वूहान बंद करण्यात आले. २५ जानेवारीपासून २४ मार्चपर्यंत फांग फांग यांनी वेइबो या समाजमाध्यमावर साठ नोंदी लिहिल्या. मजकूर पुसला जाई आणि वाचक तो पुन्हा पसरवत. भाजीपाला, मास्क, हवापाणी, ओळखीच्यांचे मृत्यू आणि या सगळ्याबरोबर एक ठाम मागणी : साथ माणसाकडून माणसाला पसरत नाही, असे सांगणाऱ्यांवर जबाबदारी निश्चित करा. ‘काळाच्या राखेचा एक कण माणसाच्या डोक्यावर पडला की त्याचा डोंगर होतो’ हे त्यांचे वाक्य चीनभर पोचले.

एप्रिलमध्ये या नोंदींच्या, म्हणजे ‘वूहान डायरी’च्या, इंग्रजी अनुवादाची जाहिरात झळकताच वारे फिरले. परकीयांच्या हाती त्यांनी कोलीत दिले, असा आरोप झाला, धमक्या आल्या. त्यांची बाजू घेणाऱ्या हुबेई विद्यापीठातील एका प्राध्यापिकेवर कम्युनिस्ट पक्षाने शिस्तभंगाची कारवाई केली. डायरीत ऐकीव माहिती आहे, हा आक्षेप निराधार नाही. परंतु घरात कोंडलेल्या माणसाकडे बातमी डॉक्टर मित्र आणि शेजारी यांच्या तोंडूनच येणार, आणि ती कुणाकडून आली हे त्या बहुधा सांगतात. अधिकृत वृत्तान्तात ज्यांना जागा नव्हती अशा मृतांची दखल तिथे घेतली गेली, हे तिचे मोल आक्षेपांनी कमी होत नाही.

२०२० मध्ये ‘रुआनमाई’च्या फ्रेंच अनुवादाला आशियाई साहित्यासाठी फ्रान्समध्ये दिला जाणारा एमिल गिमे पुरस्कार मिळाला. चीनमध्ये मात्र डायरीनंतर प्रकाशक त्यांची पुस्तके काढायला धजावलेले नाहीत.