‘गिरसप्पा’चं टपाल

गिरसप्पा म्हटलं की आपल्याला धबधबा आठवतो. शरावती जिथे कड्यावरून उडी घेते त्या जोगला जुनी मराठी माणसं अजून गिरसप्पाच म्हणतात. त्याच नावाची एक आगबोटही होती. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपल्या बोटींना ‘आ’कारान्त नावं देत असे आणि त्यातली बरीच हिंदुस्थानातल्या ठिकाणांची असत. इंग्लंडात टाइन नदीकाठी बांधलेल्या, १९१९ सालच्या एका मालवाहू बोटीच्या वाट्याला हे नाव आलं.

१९४० च्या डिसेंबरात ही बोट कलकत्त्याहून निघाली. पोटात बीड (ओतीव कच्चं लोखंड), चहा, इतर फुटकळ माल, चांदीच्या विटा आणि टपालाच्या थैल्या. इटली युद्धात उतरल्यापासून भूमध्य समुद्राचा रस्ता बिनभरवशाचा झाला होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून जायचं. फ्रीटाउनला ती इतर बोटींच्या ताफ्यात सामील झाली. पुढे हवा बिघडली, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा ताफा सोडून तिने आयर्लंडमधल्या गॉलवे बंदराची वाट धरली. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मनांच्या यू-१०१ या पाणबुडीने तिला गाठलं आणि टॉर्पेडो सोडला. बोटीवर ऐंशीहून अधिक माणसं होती. त्यातला सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स तेवढा तेरा दिवसांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला जिवंत लागला. त्याच्या होडीतले इतर लोक थंडीने आणि तहानेने गेले, काही तर किनारा समोर दिसत असताना लाटांत होडी उलटून.

बोट सापडली ती थेट २०११ मध्ये, ४,७०० मीटर खोलीवर. ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या अमेरिकन कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार करून तिचा शोध घेतला. चांदी निघाली तर खर्च वजा जाता ८० टक्के कंपनीचे, उरलेले सरकारचे, असा व्यवहार होता. पुढच्या दोन हंगामांत दूरनियंत्रित यंत्रांनी २,७९२ विटा वर आल्या. एकेक वीट पस्तीस किलोंच्या घरातली, म्हणजे जवळपास १०० टन चांदी. वर्तमानपत्रांत गाजली ती हीच.

मला मात्र त्या चांदीपेक्षा तिच्या शेजारच्या काळ्या, घाण वासाच्या लगद्यात जास्त रस आहे. मालखान्यात विटा शोधताना यंत्राच्या हाती टपाल लागलं होतं. त्यातून सातशेहून अधिक पत्रं सुटी झाली, आणि ती वाचता आली. सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेला कागद!

आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची पत्रं होती. पेटीला कुलूप, वर गोणपाट, पावसाचा थेंब लागणार नाही अशी चोख व्यवस्था. चाळीस वर्षांनी उघडली तेव्हा अर्ध्या पत्रांची कसरीने जाळी केली होती आणि उरलेल्यांच्या घड्या हात लावताच तुटत होत्या. कोरड्यात ठेवलेली पत्रं गेली आणि बुडालेली राहिली, हे कसं?

त्यासाठी आधी कागद मरतो कसा ते पाहावं लागतं. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. ग्लुकोजचे हजारो मणी एकामागोमाग ओवले की सेल्युलोजची एक साखळी होते. या साखळ्या मधे मधे तुटत गेल्या की कागद कडक होतो, घडीवर मोडतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. साखळी तोडणारे बरेच जण आहेत. पहिलं आम्ल, आणि ते कागदातच मुरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतला कागद सुरू झाल्यावर त्यावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटीच्या जातीचं लवण वापरायची पद्धत पडली. कागद गुळगुळीत झाला, पण त्याच्या अंगात कायमचं आम्ल आलं. जुन्या चिंध्यांच्या हातकागदावरचे पेशवाईतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून उलगडता येतात आणि १९४० सालच्या वर्तमानपत्राचा तुकडा पडतो, त्याचं एक कारण हे. त्याशिवाय प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन आहेत, बुरशी आणि जिवाणू आहेत, कसर आणि वाळवी तर घरचीच.

आता हीच यादी घेऊन समुद्राच्या तळाशी जाऊ. तिथे प्रकाश नाही. सूर्याचा उजेड हजार मीटरच्या आतच संपतो. कसर नाही, वाळवी नाही. तापमान वर्षभर दोन-तीन अंश. रासायनिक क्रिया दर दहा अंशांमागे साधारण निम्म्यावर येते असा एक ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने कलकत्त्याच्या तीस अंशांत जे एका वर्षात घडेल त्याला तळाशी सहा-सात वर्षं लागतील. शिवाय समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. राळ-तुरटीच्या आम्लाला ते हळूहळू मारतं आणि धुऊनही नेतं. कागदाला पाणी वाईट, हे खरंच. पण त्याचं बरंचसं वाईटपण पाण्याबरोबर येणाऱ्या बुरशीचं असतं.

दाबाचं काय, असं कुणीही विचारेल. ४,७०० मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर पावणेपाचशे किलोंचा भार असतो. पाणबुडी इतकी खाली गेली तर चेपून जाईल, कारण तिच्या पोटात हवा असते आणि बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा प्रचंड जास्त होतो. भिजलेल्या कागदाच्या छिद्रांत मात्र पाणीच भरलेलं. आत तेवढाच दाब, बाहेर तेवढाच दाब. चेपणार कोण?

उरले जिवाणू, आणि इथे प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. खोल समुद्रात ऑक्सिजन नसतो, असा एक गैरसमज पुष्कळांचा असतो. उत्तर अटलांटिकच्या तळाच्या पाण्यात तो चांगलाच असतो, कारण ध्रुवाकडचं थंड, ऑक्सिजनने भरलेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि तळाने पसरत जातं. टायटॅनिकही साधारण ३,८०० मीटरवर आहे आणि तिच्या डेकचं बरंचसं लाकूड समुद्री जीवांनी केव्हाच फस्त केलं. म्हणजे नुसतं खोल जाणं पुरेसं नाही. ‘गिरसप्पा’च्या टपालाला वाचवलं ते त्याच्या भरण्याने. थैल्या ठासून भरलेल्या, एकीवर एक रचलेल्या, मालाखाली आणि गाळाखाली दबलेल्या.

ज्यांच्या घरी गाईम्हशी आहेत त्यांना हे मुरघासावरून चटकन कळेल. हिरवा मका कापून उघड्यावर ढीग लावला तर चार दिवसांत तापतो, कुजतो. तोच मका पायाने तुडवून, हवा काढून, खड्ड्यात किंवा बॅगेत गच्च बंद केला की वर्षभर जनावरांना घालता येतो. आत शिल्लक असलेला ऑक्सिजन सुरुवातीलाच वापरला जातो, बाहेरचा आत येत नाही आणि कुजवणाऱ्यांचा दम कोंडतो. थैलीत हेच झालं असणार. कडेची पत्रं खाता खाता जिवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. नवा ऑक्सिजन दाबलेल्या कागदाच्या थरांतून इंचइंच झिरपत येणार, तोही वाटेतच संपणार. कडेच्या पत्रांनी मधल्या पत्रांसाठी जीव दिला म्हणायचं. (लोणच्यावर तेलाचा थर असतो तो याचसाठी.)

ऑक्सिजन संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्यांचा वास तो त्याचाच. आजूबाजूला लोखंडाची बोट आणि बीड असल्यावर त्या वायूचं काळं आयर्न सल्फाइड व्हायला वेळ लागत नाही. सेल्युलोज खाणारे जिवाणू इथेही असतात, पण इतक्या थंडीत आणि ऑक्सिजनविना त्यांचं काम फार सावकाश चालतं.

शाईची गोष्ट कागदाहून वेगळी. टाइपरायटरच्या फितीत काजळी असते आणि काजळी म्हणजे कार्बन; तो पाण्यात विरघळत नाही. आपली मोडी कागदपत्रंही काजळीच्याच शाईने लिहिलेली, म्हणून अजून काळीभोर दिसतात. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनच. फाउंटन पेनच्या निळ्या-काळ्या शाईत लोह आणि टॅनिन यांचा संयोग असतो: हिरड्याचं पाणी लोखंडी कढईत काळं होतं तोच प्रकार. तो तंतूंत घट्ट बसतो आणि वरचा निळा रंग धुतला गेला तरी अक्षर दिसतं. नुसत्या रंगाच्या शाया मात्र पाण्यात टिकत नाहीत. पहिल्या महायुद्धात सैनिक जी ‘न पुसणारी’ जांभळी पेन्सिल वापरत, ती खोडरबराने जात नसे. पण तिच्यात रंग मिसळलेला असल्यामुळे पाणी लागलं की अक्षर पसरायचं. नाव मोठं आणि लक्षण खोटं.

आता खरा धोका. सत्तर वर्षं जगलेली पत्रं मरण्याची सगळ्यात जास्त शक्यता वर आल्यानंतर असते. हवा लागली की आयर्न सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागतं. १६२८ साली बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढलं, आणि त्याच्या लाकडात आतून तयार होणाऱ्या या आम्लाशी तिथल्या लोकांना पुढे बराच काळ झगडावं लागलं. कागद तर लाकडापेक्षा किती नाजूक. थंडीत झोपलेली बुरशीही खोलीतल्या उबेत दोन दिवसांत जागी होते. उन्हात वाळत घालावं, तर पाणी जाता जाता तंतूंना एकमेकांकडे ओढतं, पानाला पान चिकटतं आणि सगळ्याचा मिळून एक पुठ्ठा होतो. वर मिठाचे खडे.

म्हणून अशा ऐवजाला आधी ओलंच ठेवायचं, आणि गार. गोड्या पाण्याची अनेक धुणी देऊन मीठ काढायचं. पुष्कळदा मग गोठवून निर्वातात वाळवतात. तिथे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, त्यामुळे तंतूंना ओढणारं द्रवरूप पाणी मधे येतच नाही. झटपट कॉफीची पूड करण्याची एक रीत हीच. त्यानंतर बोथट पात्याने एकेक पान सोडवत बसायचं. या कामाला घाई करणारा माणूस उपयोगाचा नाही.

‘गिरसप्पा’ची पत्रं २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये लोकांनी पाहिली. बहुतेक नाताळाच्या आधीची. सैनिकांची, व्यापाऱ्यांची, मिशनऱ्यांची. घरची चौकशी, हवेच्या तक्रारी, शुभेच्छांची कार्डं. एका सैनिकाने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलं होतं, की तिचा होकार वाचून त्याला आनंदाने रडू आलं. ते पत्र तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती शंभरीला टेकली होती. बोट बुडाल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १९४१ च्या एप्रिलमध्ये, मध्यपूर्वेतून ब्रिटनला ‘एअरग्राफ’ सुरू झालं. पत्राचा फोटो काढायचा, नखाएवढी फिल्म विमानाने पाठवायची आणि तिकडे मोठी करून छापायची. बोटीने जाणाऱ्या थैल्यांवर तेवढाच कमी भार.

बोटीवरच्या हिंदी खलाशांची मात्र आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही. कोकणात ज्यांच्या घरी कुणी ‘बोटीवर’ होतं त्यांना ही नोकरी काय असते ते सांगायला नको. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचं पत्र टपालाच्या थैलीत कशाला असेल? तो त्याच बोटीवर होता. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, थडगं नसलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं एका स्मरणपुस्तकात लिहिलेली आहेत. एक प्रत चितगावला आहे आणि एक मुंबईत, मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. कागदाचीच ती. खिडकीबाहेर बंदराची खारी, दमट हवा.