थंडीत कुत्र्याला आंघोळ कमी, ब्रश जास्त

आमची चिकू पॉमेरियन, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो खरं तर इंडियन स्पिट्झ असतो, पांढराशुभ्र आणि केसांचा नुसता ढीग. पहिल्या थंडीत तिला आम्ही दर रविवारी आंघोळ घालायचो, टॉवेलने खसाखसा पुसायचो, वरून केस कोरडे लागले की झालं. जानेवारीत ती सारखी खाजवायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पाठीवरचे केस बोटांनी फाकून दाखवले, आत मुळाशी ओलंच होतं आणि कातडी लालसर झालेली. आंघोळीला सहा तास होऊन गेले होते! मला तेव्हा फार वाईट वाटलं.

होतं काय, स्पिट्झ, लॅब, जर्मन शेफर्ड वगैरे कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, खालचे मऊ, बारीक, कापसासारखे दाट, आणि त्वचेच्या एकाच छिद्रातून असे बरेच केस एकत्र बाहेर येतात. खालच्या थरात हवा अडकून राहते आणि कुत्र्याला ऊब देते ती मुख्यतः हीच हवा, आपल्या गोधडीत होतं तेच. आता तो थर भिजला की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. कुत्र्याचं शरीर ३८-३९ अंशांवर असतं आणि पुण्या-नाशकाकडे पहाटेचा पारा १० च्याही खाली जातो, म्हणजे ओल्या अंगाने फरशीवर बसलेल्या कुत्र्याचं काय होत असेल बघा.

केसांच्या जटा झाल्या तरी तेच, गुंता चपटा होऊन बसतो आणि हवेला जागाच उरत नाही. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली बोट घालून बघा, जटा तिथेच सापडतात. म्हणून थंडीत ब्रश रोज, निदान एक दिवसाआड तरी, आणि ब्रशने त्वचेतलं तेल केसांच्या टोकापर्यंत पसरतं हा वेगळाच फायदा. कोरड्या हवेत केस चटचट करून उभे राहतात, तेव्हा आधी पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. गोचीडसुद्धा ब्रश करतानाच दिसते, थंडीत गोचीड नसते हा गैरसमज आहे, घरातल्या उबेत ती आरामात जगते.

शॅम्पूबद्दल मी जरा हट्टीच आहे, माणसांचा शॅम्पू नाहीच. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण १० ते १५ पेशींचा असतो, कुत्र्याचा फक्त ३ ते ५, आणि त्यांची त्वचा आपल्याइतकी आम्लही नसते. थंडीत महिन्याकाठी एक आंघोळ पुष्कळ झाली, तीही दुपारी बाराच्या उन्हात, कोमट पाण्याने. मग टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, ड्रायर लांबून आणि कोमटच, आणि शेवटी केस फाकून मुळाशी बोट लावून बघायचं. आम्ही आता पोट आणि मांड्यांच्या आत आठवणीने बघतो, तिथेच ओल राहते.

केस गळतात म्हणून थंडीतच मशीन मारून घेणारे लोक भेटतात, त्यांना मी हात जोडून सांगते, नका करू. केस गळणं-उगवणं दिवसाच्या लांबीवर चालतं, दिवस लहान झाला की मेंदूतलं मेलाटोनिन हे हार्मोन जास्त वेळ पाझरतं आणि शरीर हिवाळी कोट तयार करतं. घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू, म्हणून घरातली कुत्री थोडीथोडी वर्षभरच गळतात. दाट कोट एकदा मुळापासून उडवला की काहींना तो नीट परत येतच नाही, ठिगळं ठिगळं उगवतो.

पंजांचं मात्र निसर्गाने छान बघून ठेवलंय. २०११ साली जपानच्या संशोधकांनी दाखवलं की कुत्र्याच्या तळव्यात गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या नळ्या एकमेकींना अगदी चिकटून असतात, त्यामुळे परतणारं रक्त वाटेतच गरम होतं. तळव्याला भेगा पडल्या तर कुत्र्यांसाठीचं बाम लावा आणि दहा मिनिटं चाटू देऊ नका. चिकूला तेवढा वेळ मी मांडीवर घेऊन बसते, तोवर कानामागचा गुंताही सुटतो.