चुन्याने होणारी नेत्रइजा, बालकांमधील

पान किंवा तंबाखूसोबत खाण्याचा चुना, म्हणजे विरवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड), डोळ्यात गेल्याने मुलांना होणारी रासायनिक इजा. मळलेला चुना पूर्वी डबीत असे. गेल्या काही दशकांत तो प्लॅस्टिकच्या लहान पुड्यांत मिळू लागला. मुलाने खेळताना दाबलेली पुडी अचानक फुटून चुना थेट चेहऱ्यावर उडतो, हे भारतातील रुग्णालयांत वारंवार नोंदले गेलेले कारण आहे.

चुना तीव्र अल्कली आहे; त्याचे पीएच मूल्य (आम्ल-अल्कतेचे माप; ७ म्हणजे उदासीन) १२ च्या आसपास असते. आम्लाने पृष्ठभागावरील प्रथिने गोठून पुढची वाट बरीचशी अडते. चुना मात्र पेशीपटलातील स्निग्धांश विरघळवत आत शिरतो. त्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून राहतात व झिरपत राहतात. म्हणून तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे आणि रुग्णालयात पापणी उलटून कण काढणे, हाच उपचाराचा गाभा होय.

इजेच्या वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत. रोपर-हॉल यांच्या १९६५ च्या पद्धतीत चार श्रेणी असून स्वच्छमंडलाचा (बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा) धूसरपणा आणि त्याच्या कडेचा खंडित रक्तपुरवठा हे तिचे निकष आहेत. तीत कडेचा निम्म्याहून अधिक भाग बाधित असलेले सर्व डोळे एकाच चौथ्या श्रेणीत येतात. दुआ व सहकाऱ्यांच्या २००१ च्या पद्धतीत सहा श्रेणी आहेत. त्यांत कडेची बाधा घड्याळाच्या तासांप्रमाणे मोजतात व नेत्रश्लेष्मलेची (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील व पापणीच्या आतील पातळ आवरणाची) बाधाही धरतात. तीव्र इजेत ही दुसरी पद्धत अधिक उपयुक्त वाटते, कारण संपूर्ण कड गमावलेला डोळा आणि कडेतील काही मूलपेशी (स्वच्छमंडलाचा पृष्ठभाग पुन्हा घडवणाऱ्या पेशी) शिल्लक असलेला डोळा यांचे भवितव्य सारखे नसते. रडणाऱ्या मुलाची पहिल्या दिवशीची तपासणी मात्र कोणत्याही पद्धतीत अपुरी ठरू शकते. पुष्कळदा भूल देऊनच ती पूर्ण करावी लागते.

कडेच्या मूलपेशी नष्ट झाल्यास नुसते नेत्ररोपण (स्वच्छमंडलाचे रोपण) टिकत नाही. निरोगी डोळ्याच्या याच कडेवरील सुमारे २ मिमी. लांबी-रुंदीच्या तुकड्याचे बारीक भाग बाधित डोळ्यावर बसवलेल्या गर्भपटलावर (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर) पसरून लावण्याची पद्धत हैदराबाद येथील वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत प्रयोगशाळेत पेशी वाढवाव्या लागत नसल्याने खर्च कमी होतो. पापणी डोळ्याला चिकटणे, काचबिंदू आणि साधारणतः सात-आठ वर्षांखालील मुलांत मंददृष्टी (लहानपणी डोळ्याचा नीट वापर न झाल्याने नजर पुरेशी विकसित न होणे) ही पुढील गुंतागुंत होय.

शस्त्रक्रियेच्या खर्चाला पात्र कुटुंबांसाठी आयुष्मान भारत योजनेचा (२०१८, प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा ५ लाख रुपये) आधार मिळू शकतो. तथापि ती दाखल रुग्णांसाठी असून रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचाच औषधखर्च तीत येतो. पुढे महिनोन्‌महिने लागणारे थेंब, फेरतपासणीसाठीचा प्रवास आणि पालकांची बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच राहतो. तीव्र इजेत खरे ओझे याचेच असते.