ट्यूडलीच्या बाराही खिडक्या सारासाठी नव्हत्या

इंग्लंडमधल्या केंटात ट्यूडली म्हणून छोटंसं गाव आहे, तिथल्या चर्चच्या रंगीत काचेच्या बाराही खिडक्या चित्रकार मार्क शगालच्या, आणि त्या सगळ्या सारा नावाच्या बुडालेल्या मुलीसाठी तिच्या आईबापांनी एकदमच करून घेतल्या असं सगळे सांगतात. पण तसं नाहीये! सारा 21 वर्षांची, 1963 मध्ये समुद्रात शिडाच्या बोटीचा अपघात होऊन गेली, आणि तिच्यासाठी मागितली होती फक्त पूर्वेची एकच खिडकी. निळ्या लाटांत आडवी पडलेली मुलगी, वर क्रूसाकडे जाणारी शिडी, लाल घोडा. 1967 ला ती बसवली तेव्हा शगाल स्वतः आला, बघून खूश, म्हणाला बाकीच्याही मीच करतो. म्हातारबा तेव्हा ऐंशीचे! शेवटच्या खिडक्या लागेपर्यंत 1985 उजाडलं, त्याच वर्षी तो गेला.