बेस कमी वाटतोय? हेडफोन परत आणण्याआधी एवढं करून बघा

आमच्याकडे परत येणाऱ्या हेडफोनच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : ‘बेस नाही’. दुकानात ऐकला तेव्हा दणदणीत वाजत होता, घरी नेल्यावर आवाज पातळ झाला, गाण्यातला ड्रम दूरवर वाजल्यासारखा येतो, म्हणजे पीसच खराब निघाला, अशी समजूत होते. आम्ही तो टेबलावर घेतो, तपासतो, आणि तो चांगला वाजत असतो. कंपनीकडे पाठवला तर काही दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. तुमची फेरी वाया, आमचा वेळ वाया. त्यापेक्षा हा कागद प्रत्येक बॉक्समध्ये घातलेला बरा.

दोष बहुधा फटीत असतो

खोल बेस एकट्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरच्या, जोरावर येत नाही. पॅड, कान आणि गालाची कातडी यांच्यामध्ये जी हवा कोंडलेली असते, तिच्यावर तो अवलंबून असतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं असलेल्या, आवाजाची लाट मोकळ्या हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. ती कपात मावण्याचा प्रश्नच नाही. तिथे ड्रायव्हरचा पडदा फक्त कोंडलेल्या हवेचा दाब कमी-जास्त करतो आणि कानाला तोच बेस म्हणून ऐकू येतो. पॅडखाली कुठे फट राहिली की पडदा हलतो, पण दाब तयार होण्याआधीच हवा निसटते. वरच्या पट्टीतल्या आवाजाला या फटीने फारसा फरक पडत नाही. म्हणून गाणं स्वच्छ ऐकू येतं, शब्द कळतात, झांज नीट वाजते आणि फक्त तळ गायब होतो. यामुळेच कुणाला फटीचा संशय येत नाही. आणि फट म्हणजे बोटभर नव्हे. चष्म्याची काडी पॅडला जेवढी उचलते, तेवढीही पुरते.

इथेच ती चूक होते, जिच्यासाठी हा कागद लिहिला आहे. फट बुजवायची सोडून माणूस इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, उघडतो आणि डावीकडच्या, खालच्या सुरांच्या पट्ट्या वर सरकवतो. ६ डेसिबल वाढवले की त्या पट्टीत अँपला, म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या भागाला, चौपट ताकद लावावी लागते, १० डेसिबलला दहापट. फोनच्या आतल्या छोट्या अँपची कुवत तिथे संपते आणि आवाज फाटायला लागतो. शिवाय जो अगदी खालचा बेस फटीतून जातो, तो पट्टी वाढवूनही पुरता परत येत नाही. फुगतो तो १०० ते २५० हर्ट्झमधला भाग. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे बराचसा याच पट्ट्यात. मग गायक पिंपात तोंड घालून गातोय असं वाटतं, आणि चिठ्ठीवर नवी तक्रार येते : ‘आवाज घुमतो’.

एक मिनिटाची तपासणी

मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या. आवाज आधी अगदी कमी करा, मग ४० हर्ट्झचा सूर लावा. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर जवळपास इथेच, ४१ हर्ट्झला, बोलते. सूर चालू असताना दोन्ही कप तळहाताने अलगद दाबा. घट्ट नको, पॅड गालाला टेकेल इतपतच. दाबल्याबरोबर सूर एकदम भरला तर तुमचा हेडफोन ठणठणीत आहे आणि फट आहे. मग एकेक कप दाबून बाजू शोधा. दाबूनही काही फरक पडला नाही आणि सूर मुळातच मरतुकडा असेल, तर जरूर घेऊन या, आम्ही बघतो.

फटीच्या जागा ठरलेल्या आहेत. चष्मा, पॅडखाली अडकलेली केसांची बट, कानातलं, टोपीची कड. सगळ्यात जास्त नजरेआड राहणारी जागा म्हणजे कानाच्या पाळीच्या मागे, जबड्याचं हाड संपून मान सुरू होते तिथला खळगा. बारीक चेहऱ्याच्या माणसाचा तिथे हमखास हवेला रस्ता मोकळा असतो. आरशात दिसत नाही; बोट फिरवून बघा, पॅडची कड कातडीला टेकलेली नसेल तर लगेच कळतं.

घालायची पद्धत

बॉक्समधून काढलेला हेडफोन बहुतेकजण तसाच डोक्यावर चढवतात. हेडबँडची सरकती पट्टी तेव्हा पूर्ण आत असते. त्यामुळे कप वर ओढला जातो, कानाची पाळी पॅडखाली चेमटते आणि तळाशी फट पडते. उलटं करा. दोन्ही बाजू पूर्ण बाहेर ओढा, कप कानावर असे बसवा की अख्खा कान पॅडच्या आत जाईल, आणि मग एकेक खाच आत घेत या, हेडबँड टाळूला नुसता टेकेपर्यंत. डाव्या-उजव्या बाजूच्या खाचा सारख्या आल्या नाहीत तर बिचकू नका. दोन्ही कान एका रेषेत असलेली माणसं आम्हाला कमीच भेटतात.

‘एल’ आणि ‘आर’ नुसते गाण्यापुरते नसतात. कित्येक मॉडेलमध्ये पॅड मागच्या बाजूला जाड असतात. उलटा घातला की तेच पॅड मागे उघडे पडतात.

चष्मेवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचीच ओढाताण जास्त होते. जाड प्लॅस्टिकच्या काड्या असतील तर पॅड उचलला जातो आणि अर्ध्या तासात काडी कानामागे रुतायला लागते. पातळ धातूच्या काड्या आणि मऊ, सावकाश दबणारे मेमरी फोमचे पॅड ही जोडी चालते. ऐकताना काड्या थोड्या वर, पॅडच्या बाहेर घेता आल्या तर आणखी बरं. चष्मा घालणाऱ्याने हेडफोन निवडताना चष्मा काढून बघण्यात काहीच अर्थ नाही, आणि तरी सगळे नेमकं तेच करतात.

कानात घालायच्या प्रकारात सगळा खेळ रबरी टोपीचा आहे. डाव्या कानाला मधली आणि उजव्याला मोठी लागू शकते. सोबत आलेल्या सगळ्या लावून बघितल्याशिवाय बेसवर मत बनवू नका.

दुखतंय, मग सैल करू का?

कपाची पकड सैल केली की आराम मिळतो आणि बेस जातो, हे दोन्ही एकत्र येतं. आधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघा. टाळूवर दुखत असेल तर तो वजनाचा भार आहे. पट्टी एक खाच बाहेर घ्या म्हणजे थोडं वजन कपांवर जाईल. कानाची कड दुखत असेल तर कान पॅडच्या आत मावत नाही, त्याला सैल करणं हा उपाय नव्हे, मोठ्या तोंडाचे पॅड हवेत. कानशिलं दाबल्यासारखी वाटत असतील तरच पकड जास्त आहे.

अशा वेळी डोक्यापेक्षा किंचित रुंद अशी पुस्तकांची चळत रचा, हेडफोन रात्रभर तिच्यावर चढवून ठेवा आणि सकाळी घालून, ४० हर्ट्झची तपासणी पुन्हा करा. पुरेसं झालं की थांबा. हेडबँडमध्ये धातूची पट्टी असेल तर हे चांगलं जमतं. अख्खा प्लॅस्टिकचा असेल तर हाताने ताणू नका. आमच्याकडे मोडून येणारे हेडबँड बहुधा असेच मोडलेले असतात, आणि ते वॉरंटीत बसत नाहीत.

पॅड हा हेडफोनचा सुटा भाग आहे, शोभेचा नाही

लेदरसारखे दिसणारे पॅड हवा अडवतात, म्हणून बेस धरून ठेवतात, पण कान तापतात. मखमलीसारख्या कापडाचे पॅड गार राहतात आणि बेस थोडा सोडतात. भोकं असलेले पॅड त्याहून जास्त सोडतात. यातलं सगळं एका पॅडमध्ये मिळत नाही, तुम्हाला काय सोडायचं ते ठरवा.

लेदरसारखे पॅड घामाने आणि तेलाने सोलवटतात, आतला फोम चपटा होतो, कान आतल्या जाळीला टेकतो. हेडफोन ‘जुना झाला’ असं वाटतं ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच, आणि पॅडची जोडी नव्या हेडफोनच्या मानाने फार स्वस्त पडते. आम्ही मॉडेल नंबर विचारल्याशिवाय पॅड देत नाही, त्याचा काहींना राग येतो. ‘माप सारखंच आहे की’ असं म्हणतात. माप सारखं असलं तरी जाडी आणि आतलं कापड बदललं की ड्रायव्हर कानापासून कमी-जास्त अंतरावर जातो आणि सूर बदलतो. पुसताना ओलसर फडकं वापरा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको.

निवडताना

ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा म्हणजे ४० पेक्षा जास्त बेस, हा हिशेब चुकीचा आहे. खोक्यावरचा ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ हा आकडाही तसा पोकळ असतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, आणि त्या ५ हर्ट्झला आवाज किती डेसिबलने पडतो हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. बेससाठी बंद पाठीचा, म्हणजे कपाची बाहेरची बाजू बंद असलेला, हेडफोन घ्या. उघड्या पाठीचे मोकळे वाजतात, छान वाजतात, पण त्यातले पुष्कळ अगदी खालच्या सुरांत कमी पडतात आणि शेजारच्यालाही गाणं ऐकवतात. फोनला थेट जोडायचा असेल तर १६ ते ३२ ओहमच्या (हा हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) आसपासचा बघा. २५० किंवा ३०० ओहमचा नेऊन ‘आवाजच चढत नाही’ म्हणू नका.

आम्ही काउंटरवर दोन हेडफोन ऐकवताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करतो. हा वेळकाढूपणा नाही. आवाज कमी असताना कानाला खालचे सूर आणखी कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे जो जरा मोठ्याने वाजतो तो नेहमी बेसदार वाटतो आणि माणूस भलताच हेडफोन घेऊन जातो. घेण्याआधी वीस मिनिटं तो डोक्यावर ठेवायला सांगतो तेही याचसाठी. पहिल्या दोन मिनिटांत कुठलाच हेडफोन दुखत नाही.

आमचं मत विचाराल तर बेस साधारण १०० हर्ट्झच्या खाली उचललेला असावा, २०० ला नव्हे. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून हेडफोनमध्ये कुठला सूर किती मोठा असावा याची जी रेषा काढली, तिच्यातही उचल तिथेच, तळाला आहे. ठोका पोटात जाणवतो आणि गाणाऱ्याच्या आवाजाला धक्का लागत नाही.

इक्वलायझर लावायचाच तर एकच लावा. फोनचा, गाण्याच्या अॅपचा आणि हेडफोनच्या अॅपचा असे तीन चालू ठेवून लोक येतात. १०० हर्ट्झखाली ४-५ डेसिबल वाढवले तर प्रीअँपची (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची) पट्टी तेवढीच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटणारच. आमच्याकडून घेतलेल्या मॉडेलचं सेटिंग आम्ही तुमच्या फोनवर बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फट बुजली की बाहेरचा गलकाही कमी होतो आणि आवाज खाली ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास.

फट नाही, तरी बेस नाही

गाणारा आणि बेस दोन्ही गायब, मागे फक्त घुमारा आणि वाद्यांची किनार? जॅक अर्धवट बसला आहे. फोनचं जाड कव्हर काढून पुन्हा खोचा. दोन्ही बाजूंची सामाईक जोडणी सुटली की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं कटतं, आणि गायक व बेस बहुधा मधोमधच असतात. केबल बाहेर कुठे डाग देऊन जोडून घेतली असेल आणि एका बाजूच्या तारा उलट लागल्या असतील तर आवाज डोक्यात कुठेच बसत नाही, पोकळ वाटतो.

ब्लूटूथवर गेम किंवा कॉल सुरू होताच आवाज चपटा झाला, तर माइक चालू झाल्यामुळे हेडफोन कॉलच्या मोडमध्ये गेलेला असतो. माइक बंद केला की पूर्ववत. नॉइज कॅन्सलिंगचे काही हेडफोन बॅटरी संपल्यावर वायरवर वाजतात, पण वेगळे आणि बरेचदा फिके. चार्ज करून ऐका.

आणि फक्त खालच्या सुरांना ‘झर्र’ वाजतं, तेही एकाच कानात? पॅड काढून उजेडात जाळी बघा. एखादा केस आत शिरून पडद्याला टेकलेला असतो. बाहेर दिसणारं टोक चिमट्याने अलगद ओढा. टोक दिसत नसेल तर टाचणी घालू नका, हवा फुंकू नका, आमच्याकडे आणा. पाच मिनिटांचं काम आहे.

येताना हेडफोन ज्या फोनला लावता तो फोन, केबल आणि घालत असाल तर चष्मा बरोबर आणा. स्क्रू उघडलेला पीस आम्ही तपासून देतो, पण कंपनी वॉरंटीत घेत नाही. दुपारी गर्दी कमी असते.