हाक बागेतून यायला हवी

देवगडजवळ आमच्या हापूसच्या बागेत, विहिरीवरच्या पंपघरात, एक रास्पबेरी पाय बसवला आहे. क्रेडिट कार्डाएवढा संगणक. विहिरीची पातळी, तापमान आणि आर्द्रता तो टिपत असतो. मोहोराच्या दिवसांत मळभ आलं की तुडतुडे आणि भुरीची धास्ती असते, त्यामुळे हे आकडे मुंबईत बसून लगेच बघता यायला हवेत.

राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडलं की काम होईल, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. गडगा पाडून बाग मोकळी सोडण्यासारखं आहे ते. उघडी दारं हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने मूळचेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले.

शिवाय सिमकार्डावर चालणाऱ्या राउटरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा क्रमांक, नसतोच. एकाच पत्त्यामागे मोबाइल कंपनीचे अनेक ग्राहक असतात. बाहेरून बागेत यायला वाट नाही, पण बागेतून बाहेर जायला आहे. म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, आणि पायनेच त्याला हाक मारायची. मुंबईतला फोनही त्याच सर्व्हरला जोडला जातो.

हे काम वायरगार्ड हे सॉफ्टवेअर करतं: इंटरनेटमधून ते यंत्रांमध्ये एक खासगी, कुलूपबंद बोगदा, म्हणजे व्हीपीएन, तयार करतं. मार्च २०२० पासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक यंत्राकडे दोन किल्ल्या असतात: खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. आपली खासगी आणि समोरच्याची सार्वजनिक किल्ली मिळून दोन्ही टोकांना एकच गुपित तयार होतं, पण ते तारेवरून कधीच जात नाही. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. अनोळखी कुणी सर्व्हरचं दार वाजवलं, तर वायरगार्ड ‘नाही’ असंही म्हणत नाही. गप्प राहतं. पायने मात्र दर २५ सेकंदांनी डेटाचं एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं, म्हणजे कंपनीचं यंत्र परतीची वाट विसरत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात, वीज सारखी जाते तेव्हा. वायरगार्डच्या प्रत्येक हाकेवर वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुनी हाक सर्व्हर फेकून देतो, कारण ती कुणी चोरून पुन्हा पाठवलेली असू शकते. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत तर वीज नसताना चालणारं घड्याळच नाही! वीज जाऊन आली की पाय आधी कधीतरी नोंदवलेल्या वेळेपासून मोजू लागतो, म्हणजे मागे पडतो. इंटरनेटवरून वेळ मिळाली तर ठीक. पण सगळीच वाहतूक व्हीपीएनमधून जायची असेल, तर वेळ आणायला बोगदा हवा आणि बोगद्याला बरोबर वेळ हवी. मग घड्याळ त्या जुन्या शिक्क्यापुढे सरकेपर्यंत बाग मुकी.

म्हणून व्हीपीएनमधून फक्त व्हीपीएनचेच पत्ते जाऊ द्यावेत, बाकीची वाहतूक थेट. आणि शक्य असेल तर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल पायला जोडावं, मे संपायच्या आत.